मिताक्षरेच्या गावी वार्धक्य

बिदर जिल्ह्यातील आमचे बसवकल्याण म्हणजे चालुक्यांची राजधानी कल्याण. सहाव्या विक्रमादित्याच्या काळात (इ. स. १०७६–११२६) विज्ञानेश्वराने येथे याज्ञवल्क्यस्मृतीवर ‘मिताक्षरा’ ही टीका लिहिली. वडिलोपार्जित मिळकतीत पुत्राचा हक्क जन्मतःच निर्माण होतो, हे तिचे प्रसिद्ध तत्त्व. बंगालात मात्र जीमूतवाहनाच्या ‘दायभागा’ने तो हक्क पित्याच्या मृत्यूनंतरच मानला.

जन्मसिद्ध हक्काची ही व्यवस्था एकत्र कुटुंबात शोभली. ज्याचा शेतात वाटा, तोच बहुधा घरातील वृद्धांचा आधार असे. शिवाय वार्धक्य गाठणारेही थोडे. १९५१ च्या सुमारास भारतीयांचे सरासरी आयुर्मान अवघे ३२ वर्षांच्या आसपास होते. आज ते सत्तरीच्या घरात आहे. आमच्या अनेक वाड्यांत आता दोन वृद्धच उरले असून मुले पुण्यास वा हैदराबादेस स्थिरावली आहेत. हक्क राहिला, सहवास सुटला.

२००५ च्या दुरुस्तीने कन्येलाही जन्मसिद्ध हक्क मिळाला. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याने आईवडिलांच्या निर्वाहाची जबाबदारी मुलगा व मुलगी दोघांवर टाकली. सांभाळाच्या अटीवर दिलेली मिळकत, अट मोडल्यास, न्यायाधिकरण परत मिळवून देऊ शकते. म्हणून स्वकष्टार्जित घर मुलांच्या नावे करताना ही अट बक्षीसपत्रात स्पष्ट लिहावी, असे आम्हांस वाटते. त्यात अविश्वास नाही. पूर्वी न लिहिता पाळला जाणारा धर्मच आता कागदावर उतरवावयाचा आहे.