तबकडीने न ऐकलेला तबला

पंढरपूरहून परतणारी शेगावच्या गजानन महाराजांची पालखी सिंदखेड राजा सोडून लोणारकडे निघते, तेव्हा वाटेत बीबी लागते. दिंडी चालत असताना गळ्यात अडकवलेल्या पखवाजाला माइक नसतो आणि त्याची उणीवही भासत नाही. धुम्याचा घुमारा छातीत उमटतो. तोच पखवाज कीर्तनाच्या मंडपात आला की त्याच्या दोन्ही तोंडांसमोर माइक उभे राहतात, आणि तरीही दूरच्या शेतात भोंग्यातून पोहोचते ती केवळ ‘टक टक’. वाद्य तेच, हात तेच. मधल्यामध्ये हरवले काय?

हा प्रश्न मंडपवाल्याचा वाटतो. वस्तुतः तो इतिहासाच्या साधनांचा प्रश्न आहे, आणि त्याची सुरुवात 1902 साली होते.

त्या वर्षीच्या नोव्हेंबरात ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गाइसबर्ग कलकत्त्यात ध्वनिमुद्रण करीत होता. त्याच्याजवळ माइक नव्हता, कर्णा होता. गायिकेने कर्ण्यात तोंड घालून गायचे. त्या हवेच्या धक्क्याने पातळ पडदा हलायचा आणि पडद्याला जोडलेली सुई मेणात रेघ कोरायची. विजेचा या साऱ्या व्यवहाराशी संबंध नव्हता. अशा यंत्राला साधारणतः 200 ते 2,500 हर्ट्झ एवढाच पट्टा ऐकू येई. मानवी गळ्याचा मुख्य भाग त्यात बसतो. चर्मवाद्य मात्र दोन्ही बाजूंनी कापले जाते: डग्ग्याची घुमार 100 हर्ट्झच्या आसपास वा त्याखालीच राहते, आणि किनारीवरच्या ‘ना’ची धार कित्येक हजार हर्ट्झवर असते. खाली पाय नाहीत, वर डोके नाही, असे धड तेवढे मेणात उतरले.

त्यातच जोराची थाप पडली तर सुई आपल्या रेघेतून उसळण्याचे भय होते. म्हणून ढोल-ताशांसारख्या वाद्यांना यंत्रापासून दूर ठेवीत. अमेरिकेतही हेच चालले होते. 1917 च्या सुमारास तेथील जॅझ वादक मोठा ढोल टाळून लाकडी ठोकळे आणि गाईच्या गळ्यातल्या घंटा वाजवीत मुद्रण करीत. त्या तबकड्या ऐकून ‘जुन्या जॅझमध्ये ठोकळेच फार’ असे कोणी लिहिले, तर तो यंत्राच्या कमकुवतपणाला वादकाची आवड समजत असतो.

महाराष्ट्रातही हीच चूक सहज घडते. विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांतील मराठी तबकड्यांत तबला कोठेतरी मागे, लाकडावर बोटे आपटल्यासारखा ऐकू येतो. त्यावरून त्या काळची साथ म्हणजे नुसता ठेका धरणे होते, असा समज होतो. तसे असेलही, पण त्याचा पुरावा म्हणून तबकडीला उभे करता येत नाही. ती साक्षीदार खरी, मात्र अर्धवट बहिरी. शिवाय बहुतेक तबकड्यांच्या मधल्या कागदावर गायकाचे नाव असे, तबलजीचे नसे. पुढे बालगंधर्वांच्या गंधर्व नाटक मंडळीत अहमदजान थिरकवाँ साथीला होते. ज्या रंगभूमीला एवढ्या तोलाचा तबलिया लागत होता, तेथील प्रेक्षकाचा कान तबल्याला दुय्यम मानीत होता, हे पटणे कठीण आहे. थिरकवाँच्या एकल वादनाच्याही 78 फेऱ्यांच्या तबकड्या निघाल्या, पण त्या विजेवर चालणारे मुद्रण आल्यानंतरच्या.

तो बदल 1925 चा. वेस्टर्न इलेक्ट्रिक या अमेरिकी कंपनीत ई. सी. वेंटे याने 1916 मध्येच कंडेन्सर माइक सिद्ध केला होता. मुद्रणगृहात विजेचे मुद्रण 1925 पासून रुळले. ऐकू येणारा पट्टा आता सुमारे 100 ते 5,000 हर्ट्झपर्यंत रुंदावला. डग्गा प्रथमच डग्ग्यासारखा वाटू लागला.

याच सुमारास चर्मवाद्याकडे पाहण्याची दृष्टीही बदलत होती. 1920 साली चंद्रशेखर वेंकट रामन आणि शिवकाली कुमार यांनी ‘नेचर’ या नियतकालिकात भारतीय चर्मवाद्यांवर टिपण प्रसिद्ध केले. साधे ताणलेले कातडे वाजले की त्याचे उपस्वर मूळ स्वराच्या 1.59, 2.14, 2.30 अशा बेहिशेबी पटींत उमटतात. म्हणून ढोलाला नाद असतो, स्वर नसतो. कातड्यावर शाईचा थर चढला की हेच उपस्वर जवळजवळ 2, 3, 4, 5 पटींत येऊन बसतात. तबला, पखवाज सुरात लावता येतो तो यामुळे. शाई घोटणाऱ्या कारागिराच्या अंगठ्याने जे शतकानुशतके साधले, त्याचे गणित रामन यांनी 1934 च्या निबंधात आणखी विस्ताराने मांडले.

माइकची निवड येथे येऊन ठेपते. पाश्चात्त्य ड्रमसंचातील मोठ्या ढोलासाठी बनवलेले अनेक माइक खालचा घुमारा उचलतात, वरचा ठोका उचलतात आणि मधला पट्टा मुद्दाम दाबतात, कारण त्या ढोलाकडून स्वराची अपेक्षाच नसते. असा माइक पखवाजाच्या शाईसमोर लावला की रामन यांनी मोजलेले उपस्वरच दबतात. किंमत कितीही असो, तो तेथे वाईट माइक आहे. धुम्यासमोर मात्र तोच चालून जातो. कणकेचा गोळा लावलेल्या त्या तोंडाचे काम घुमण्याचे आहे.

शाईच्या बाजूला कंडेन्सर माइक बोटांची चपळाई अधिक नेमकी टिपतो, कारण त्याचा पडदा अतिशय हलका असतो. डायनॅमिक माइकच्या पडद्याला तारेचे वेटोळे चिकटवलेले असते. तो जरा जड, म्हणून जरा संथ, पण धूळ, ऊन आणि थापा सोसणारा. 1965 साली आलेला शुअरचा एसएम57 आजही मंडपात टिकून आहे तो याच गुणावर. हे माइक समोरचे अधिक आणि पाठीमागचे कमी ऐकतात, आणि तोंडाशी जितके जवळ नेले तितकी खालची घुमार फुगवतात. चार बोटांवरून वीतभर अंतरावर सरकवला तरी पखवाज वेगळा वाजतो. आणखी एक खोड अशी की धुम्यावर थाप पडली की ते कातडे आत दबते आणि आतल्या हवेने शाईचे कातडे बाहेर फुगते. दोन माइकांच्या लहरी मग एकमेकींच्या उलट धावतात आणि एकत्र झाल्यावर घुमार खाऊन टाकतात. मिश्रकावर एका माइकची बाजू उलटवणारी कळ असते. ती दाबली की हरवलेला धुमा कित्येकदा परत येतो.

एवढे करूनही बीबीच्या शेतात ‘टक टक’च का पोहोचते? कारण शेवटच्या टप्प्यावर खांबाला बांधलेला भोंगा असतो, आणि त्यालाही साधारण 300 हर्ट्झच्या खालचे फारसे पेलत नाही. गाइसबर्गचा कर्णा आवाज आत घेताना जे गाळत होता, तेच हा कर्णा आवाज बाहेर सोडताना गाळतो.

सप्ताहाच्या छापील पत्रिकेत मात्र कीर्तनकारांच्या खाली एक ओळ असते: मृदंगाचार्य, आणि पुढे वादकाचे नाव.