पाडव्याची बोली

तेलंगणातल्या आदिलाबाद जिल्ह्यात पगारवाढ मागायचा दिवस पंचांगानं ठरवलाय. बेला, तामसी अशा महाराष्ट्राच्या सीमेजवळच्या मंडळांत मराठी घरांचा तो पाडवा, तेलुगू घरांची उगादी. या दिवशी सालगड्याचं साल संपतं. जुन्याच मालकाकडे राहायचं की दुसरं दार धरायचं, याची बोलणी तोंडीच होतात: रोख किती, ज्वारी किती, उचल किती. मालकानं हात आखडला, तर गडी शेजारच्या गावातला भाव ऐकवतो. गडी मिळेनासे झाल्यावर या एका वाक्याला कुठल्याही अर्जापेक्षा जास्त वजन आलं.

पण ते वजन निघून जाता येणाऱ्यालाच.

निजामाच्या राजवटीत लग्नकार्यासाठी थोडंफार कर्ज काढलेला माणूस ‘भगेला’ व्हायचा आणि ते फिटेपर्यंत सावकाराच्या शेतात राबायचा. पाडवा त्याच्याही दारावरून जायचा, कर्ज मात्र पुढच्या सालात चालू. हिशेबाची वही सावकाराची, सरकारदरबारची भाषा उर्दू आणि राबणारा बहुधा निरक्षर. तो वाढ मागणार कुणाकडे, आणि लिहून देणार कोण?

याच राजवटीत, ऑक्टोबर १९४० मध्ये, जोडेघाटला गोंडांचे नेते कोमराम भीम पोलिसांच्या गोळीबारात मारले गेले. त्यांचा लढा जमिनीचा आणि जंगलाचा. त्यांनी चांद्याच्या एका छापखान्यात अक्षरं गिरवली, असं सांगतात. भीम यांच्या मृत्यूनंतर निजाम सरकारनं मानववंशशास्त्रज्ञ हायमेनडॉर्फ यांना गोंडांच्या अभ्यासाला पाठवलं. मारलावाईत गोंड शिक्षक तयार होऊ लागले आणि गोंडीची पुस्तकं देवनागरीत निघाली. निजामाच्या नोकरीतले मराठी अधिकारी सेतुमाधवराव पगडी तर स्वतः गोंडी शिकले. साहेबानं रयतेची भाषा शिकायची, हे त्या काळी अप्रूपच!

वेठबिगारी देशभर बंद करणारा कायदा १९७६ चा. बंदी घातलेल्या प्रथांच्या त्याच्या यादीत ‘भगेला’ हा शब्द नावानिशी आहे.

आता लेखी मागणी दिसते ती सोमवारी, कलेक्टर कचेरीतल्या ‘प्रजावाणी’त. तिथे कुणीही निवेदन देऊ शकतो. सरकारी योजनांत मानधनावर राबणाऱ्या बायकांना दुसरा मालक शोधायची सोय नाही, म्हणून त्यांची भिस्त कागदावर, मोर्चावर आणि संपावर. तेलंगणातल्या आशा कार्यकर्त्यांची मागणी दरमहा १८,००० रुपये निश्चित वेतनाची आहे.