साखळी भगताची आणि साखळी कायद्याची

देवरी-सालेकसा भागात एखाद्या भगताने बाईला केस धरून मारले की आम्ही कार्यकर्ते पेटून उठतो. भूत उतरवण्याच्या नावाखाली दोराने, साखळीने बांधणे, मारणे, मिरचीची धुरी देणे हा २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. आम्ही ठाण्यात जाऊन बसतो, गुन्हा नोंदवायला लावतो. पण त्याच बाईला घरच्यांनी हातपाय बांधून, जीपमध्ये टाकून दवाखान्यात नेले तर आम्हीच म्हणतो, चला, लोक सुधारले! तिला कुणी विचारले का? हा प्रश्न आमच्याही तोंडी बरीच वर्षे आला नव्हता.

'नागपूरला पाठवा' या शब्दांचा आपल्याकडचा अर्थ गोंदिया जिल्ह्यापेक्षा कितीतरी जुना आहे. जिल्हा १९९९ चा, नागपूरचे वेड्यांचे इस्पितळ १८६४ चे. त्याच्या सहा वर्षे आधी, १८५८ साली, इंग्रजांनी कायदा केला होता. पोलिसाने भटकणाऱ्या वेड्याला पकडायचे, मॅजिस्ट्रेटपुढे उभे करायचे, डॉक्टरच्या दाखल्यावर आत पाठवायचे. १९१२ च्या कायद्याने हेच पुढे चालवले. १९५० ला संविधान लागू झाले, माणसाला व्यक्तिस्वातंत्र्य मिळाले, पण वेडा ठरवलेल्या माणसासाठी १९१२ चाच कायदा १९९३ पर्यंत चालू होता! त्यानंतरच्या कायद्याने 'वेडा' हा शब्द काढला, मॅजिस्ट्रेटचा हुकूम आणि नातेवाईकाचा अर्ज तसाच ठेवला.

आपण बौद्ध आहोत, विहारात पटाचारेची गोष्ट ऐकतो. नवरा, मुले, आईवडील एकापाठोपाठ गेले, अंगावरच्या वस्त्राचेही भान राहिले नाही. लोक तिला वेडी म्हणून हाकलत होते. बुद्धांनी तिला जवळ येऊ दिले, तिच्याशी बोलले. कुणीतरी अंगावरचे वस्त्र तिला दिले. पुढे ती थेरी झाली. १८५८ च्या कायद्यात ती 'भटकणारी वेडी' म्हणून मॅजिस्ट्रेटपुढे गेली असती.

वेडे कोणाला म्हणायचे हे कोण ठरवते? १८५१ साली अमेरिकेत सॅम्युअल कार्टराइट नावाच्या डॉक्टरने, मालकाकडून पळून जाणाऱ्या काळ्या गुलामांना एक मानसिक रोग असतो असे लिहिले आणि त्या रोगाला ग्रीक नावही दिले. हसू नका. जातीबाहेर लग्न करायला निघालेल्या मुलीला 'हिच्या डोक्यावर परिणाम झालाय' म्हणणारे बाप आपल्याही वस्तीत आहेत. म्हणूनच २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याचे तिसरे कलम आम्हाला महत्त्वाचे वाटते. सामाजिक दर्जा किंवा समाजाच्या नैतिक, धार्मिक, राजकीय समजुती न मानणे यावरून कुणाला मनोरुग्ण ठरवता येत नाही.

हा कायदा सहज आलेला नाही. ६ ऑगस्ट २००१ ला तामिळनाडूत एरवाडीला साखळीने बांधलेले २८ रुग्ण आगीत मेले. आता साखळीला पूर्ण बंदी आहे, भूल न देता विजेचा शॉक देण्यालाही. भटकणाऱ्या मनोरुग्णाला पोलीस कोठडीत ठेवता येत नाही.

सगळ्यांना घरीच ठेवा असे आम्ही म्हणत नाही. पंधरा दिवस न झोपलेल्या, अंगावर धावणाऱ्या मुलाच्या आईला आम्ही काय सांगणार? पण सालेकशाहून नागपूर म्हणजे मजुरी बुडवून प्रवास. गोळी जवळ मिळत नाही, म्हणून आजार वाढतो, आणि मग दोर बाहेर निघतो. सेवा जिल्ह्यात देणे ही याच कायद्याने सरकारची जबाबदारी आहे. त्यासाठी मोर्चा काढलेला आमच्या तरी आठवणीत नाही.

आणखी एक, तरुणांसाठी. आजारी पडलो तर कोणते उपचार हवेत, कोणते नकोत हे कोणीही सज्ञान माणूस आधीच लिहून ठेवू शकतो. आपला प्रतिनिधीही नेमू शकतो, आणि तो नातेवाईकच असावा असे नाही. बाईला तिच्या इच्छेविरुद्ध दाखल केले तर दवाखान्याने तीन दिवसांत पुनर्विलोकन मंडळाला कळवायचे असते, पुरुषाच्या बाबतीत सात. पुढच्या वेळी जीपमागे दवाखान्यापर्यंत जा आणि मंडळाला कळवले का ते विचारा.