अभारवाही भिंतीचा भार : जव्हारच्या कुडापासून काँक्रीटच्या मजल्यापर्यंत

प्रस्तावना
जव्हार संस्थान १९४८ मध्ये विलीन झाले. मुकणे राजघराण्याच्या इतिहासाइतकाच या परिसरातील सामान्य घरांचा इतिहासही बोलका आहे. घराचा भार कोण वाहते आणि भिंतीचा भार कोठे उतरतो, या प्रश्नांची उत्तरे त्यात सापडतात.

कुडाची रचना
वारल्यांच्या पारंपरिक घरात छपराचा भार लाकडी मेढी, आढे व वासे पेलतात. त्यांच्यामध्ये कारवीच्या काठ्यांचा कुड उभारून तो शेणामातीने लिंपतात. कुड वारा अडवतो, आडोसा देतो. छप्पर तोलत नाही. त्याचे स्वतःचे वजन अल्प असून ते थेट जमिनीवर उतरते. म्हणून कुड कुजल्यास घर न उतरवता तो बदलता येतो. लग्नप्रसंगी तांदळाच्या पिठाने चौक लिहिला जातो, तोही याच भिंतीवर.

काँक्रीटचा मजला
काँक्रीटच्या सांगाड्यानेही हीच विभागणी स्वीकारली : खांब-तुळया भारवाही, भिंत केवळ आडोसा. मात्र वरच्या मजल्यावर आडभिंतीखाली जमीन नसते. अर्ध्या विटेची तीन मीटर उंच भिंत गिलाव्यासह दर मीटर लांबीला सुमारे ७०० ते ८०० किलो भरते. रुडकी येथील केंद्रीय भवन संशोधन संस्थेने विकसित केलेल्या पूर्वनिर्मित फळी-कडी पद्धतीत ही बाब निर्णायक ठरते. कडीच्या माथ्यावरील भिंत कडी पेलते; दोन कड्यांच्या मधोमध आलेली भिंत पातळ फळ्यांना वाकवते. अशा जागी जोड-कडी अथवा वायुयुक्त काँक्रीटचे हलके ठोकळे हाच उपाय होय. भिंतीच्या माथ्याशी थोडी फट ठेवून ती मऊ द्रव्याने भरावी लागते. अन्यथा वरचा मजला वाकताच अभारवाही भिंत नकळत भारवाही होते आणि तडकते. भिंतींच्या जागा आधी ठरल्या नसतील, तर हलक्या आडभिंतींसाठी दर चौरस मीटरला किमान १ किलोन्यूटन भार धरावा, असे भारतीय मानक ८७५ (भाग २, १९८७) सांगते. विटेच्या भिंतीला ही तरतूद पुरत नाही.

समारोप
नोव्हेंबर २०१८ पासून जिल्ह्याच्या डहाणू-तलासरी भागात भूकंपाचे धक्के जाणवू लागले. धक्क्यात कुड लवतो. सांगाड्याशी न जखडलेली विटेची आडभिंत मात्र कोसळून जीव घेऊ शकते. कुडाकडून काँक्रीटकडे जाताना भिंतीचे काम तेच राहिले, तिचे वजन बदलले. त्या वजनाची वाट नकाशातच आखणे, हा या स्थित्यंतराचा धडा आहे.