काकांची दुर्बीण : कुठली, केव्हाची?

आमच्या धाकट्या काकांची एक दुर्बीण घरात आहे. काका मराठा पलटणीत हवालदार होते आणि दुसऱ्या महायुद्धात इटलीत होते. ते गेल्यानंतर घरात एक गोष्ट रूढ झाली, की ही दुर्बीण जर्मनीच्या झाइस कंपनीची, पकडलेल्या एका जर्मन अधिकाऱ्याच्या गळ्यातली. मध्यंतरी चुलतभावाच्या मुलाने ती याच नावावर विकायची ठरवली. मी आयुष्यभर बँकेत काढलेला माणूस. म्हटलं, बाबा रे, आधी व्हाउचर पाहू. दुर्बिणीचं व्हाउचर तिच्या अंगावरच असतं.

पहिली खूण आकाराची. फार जुन्या दुर्बिणींच्या नळ्या सरळ असतात आणि त्यांतून वस्तू जेमतेम तीन-चार पट मोठी दिसते. पोरो नावाच्या इटालियन माणसाने १८५४ मध्ये लोलकांनी उलटी प्रतिमा सुलटी करण्याची युक्ती काढली. पण त्या तत्त्वावरची उत्तम जोड-दुर्बीण विक्रीला आली ती १८९४ मध्ये, येना गावच्या झाइस कारखान्यातून. लोलकांत प्रकाश वळणं घेतो, म्हणून अशा दुर्बिणीला खांदे असतात. काकांच्या दुर्बिणीला ते आहेत.

दुसरी खूण आकड्यांची. ६×३० म्हणजे वस्तू सहापट मोठी दिसणार आणि पुढची भिंगं ३० मिलिमीटर व्यासाची. दोन्ही डोळ्यांचा फोकस वेगवेगळा फिरवावा लागतो. लष्करी दुर्बिणींची ही नेहमीची रचना.

तिसरी खूण खांद्यावरच्या अक्षरांची. ती मळाने बुजली होती. मऊ फडक्याने पुसून बॅटरीचा उजेड तिरपा टाकला, तेव्हा वाचता आली : ‘आर.ई.एल. कॅनडा, १९४४’. शेजारी इंग्रजी ‘सी’च्या पोटात बाण. बाण ही ब्रिटिश सरकारी मालाची खूण, ‘सी’ कॅनडाचा. हिंदुस्थान सरकारच्या लष्करी मालावर बाणाखाली ‘आय’ असे. युद्धकाळातल्या झाइसच्या लष्करी दुर्बिणीवर नावाऐवजी ‘बी.एल.सी.’ हा सांकेतिक शिक्का मारत.

आर.ई.एल. म्हणजे रिसर्च एंटरप्रायझेस लिमिटेड. दुर्बिणीची काच ही साधी काच नव्हे. पहिल्या महायुद्धापूर्वी ब्रिटन तिच्यासाठी मुख्यतः जर्मनीवर अवलंबून होता. लढाई सुरू झाल्यावर पुरवठादारच शत्रू झाला! दुसऱ्या महायुद्धात कॅनडा सरकारने १९४० मध्ये टोरांटोजवळ लीसाइड इथे हा कारखाना काढला. तिथे काच, दुर्बिणी आणि रडारही बनत. युद्ध संपल्यावर १९४६ मध्ये तो बंद झाला.

आता हिशोब जुळवू. दुर्बीण १९४४ ची, इटलीतली लढाई थांबली मे १९४५ मध्ये. म्हणजे ती तिथे काकांच्या हातात आली असेल, किंवा लढाईनंतर डिस्पोजलच्या मालातून त्यांनी घेतली असेल. शिक्क्यावरून एवढंच सिद्ध होतं की ती जर्मन नाही. मालक कोण होता, हे शिक्का सांगत नाही.

ते काकूंनी सांगितलं. नव्वदीच्या काकू म्हणाल्या, “ह्यांनी जर्मनाचं नाव कधी काढलं नाही. ‘आमच्या पलटणीतली’ एवढंच म्हणायचे. मला आपली भीती, की मेलेल्या माणसाच्या गळ्यातून काढलेली असेल. बरं झालं पाहिलंस.” पुतण्याने विकण्याचा विषय पुन्हा काढला नाही.

आपल्या सोसायटीत अनेकांच्या माळ्यावर आजोबांची घड्याळं, कॅमेरे, दुर्बिणी असतील. त्यांना विनंती : पॉलिश करू नका, पितळ चमकतं पण अक्षरं जातात. स्क्रू उघडू नका, लोलक हलला तर एकाच्या दोन प्रतिमा दिसतात. पावसाळ्यात बंद चामडी पेटीत ठेवलीत तर भिंगांना बुरशी धरते. मुलांना दुर्बिणीतून सूर्याकडे मुळीच पाहू देऊ नका. आणि घरातलं वडीलधारं माणूस जे सांगतं ते त्याच्याच शब्दांत, तारखेसकट, वहीत लिहून ठेवा. दुर्बिणीवर कारखान्याचं नाव कोरलेलं असतं, आपल्या माणसाचं आपल्यालाच लिहावं लागतं.