दोन आण्यांचा हिस्सा आणि भास्कराचार्यांचे अपवर्तन



जमिनीच्या जुन्या कागदात एखाद्याचा हिस्सा ‘दोन आणे’ असा लिहिलेला आढळतो. म्हणजे २/१६. मयतास मुले असतील तर त्याच्या विधवेचा शरियतप्रमाणे वाटा, मिळकतीचे २४ भाग केल्यास, ३/२४ येतो. यांत मोठा हिस्सा कोणता? नुसत्या आकड्यांवर विसंबणारा फसतो, आणि भाऊबंदकीत तंटा उभा राहतो. पहिल्याच्या अंश-छेदांना २ ने व दुसऱ्याच्या ३ ने भागा. दोहोंकडे १/८ च उरतो. कर्नाळ्याचा सुळका पनवेलहून लहान दिसतो, पायथ्याशी उंच. पण सुळका तोच, तसेच हे.

आपल्या वडीलधाऱ्यांना ही गोष्ट व्यवहारातून ठाऊक होती. १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी येईपर्यंत रुपयाचे सोळा आणे होते. चार आण्यांची पावली आणि आठ आण्यांची अधेली! ४/१६ व ८/१६ यांची अतिसंक्षिप्त रूपे नाण्यांच्या नावांतच होती. पावकी-निमकी पाठ असलेल्या त्या पिढीला पाटीची गरजच पडत नसे.

अंश व छेद यांना एकाच संख्येने भागून लहान करण्यास आपल्याकडे ‘अपवर्तन’ म्हणत. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त (इ.स. ११५०) ते येते. त्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकविण्यासाठी मठ काढला, त्याचा इ.स. १२०७ च्या सुमाराचा शिलालेख चाळीसगावजवळ पाटण येथे सापडला. पुढे अकबराच्या आज्ञेवरून फैजीने १५८७ साली ‘लीलावती’ फारसीत आणली.

देवाणघेवाण दोन्ही बाजूंनी झाली. भारतीय गणिती अंशाखाली छेद लिहीत, मधली रेघ मात्र नसे. ती बाराव्या शतकात मोरोक्कोकडील अल-हस्सार याच्या ग्रंथात दिसते. अपूर्णांकास अरबीत ‘कस्र’ म्हणतात, मूळ अर्थ मोडणे. आपण ‘थोडी कसर राहिली’ म्हणतो तो हाच शब्द! नवव्या शतकातील अल-ख्वारिज्मीने तर आपल्या बीजगणिताचा मोठा भाग वारसा-वाटणीच्या उदाहरणांना दिला आहे.

आता विद्यार्थ्यांसाठी. ४९/९१ दिले की बरेच जण २, ३, ५ लावून पाहतात आणि ‘संक्षेप होत नाही’ असे लिहून मोकळे होतात. भास्कराचार्यांनी कुट्टकाच्या प्रकरणात, व त्यांच्या कितीतरी आधी ग्रीक युक्लिडने, सांगितलेली परस्पर भागाकाराची रीत करून पाहा. ९१ ला ४९ ने भागा, बाकी ४२. ४९ ला ४२ ने भागा, बाकी ७. ४२ ला ७ ने भागा, बाकी शून्य. मसावि ७. म्हणून ४९/९१ म्हणजे ७/१३. आता १४३/१८७ घरी सोडवा. पाढ्यांत शोधत बसू नका, भागाकार करा.