बसऱ्याला गेलेला माणूस

आमच्या आबांनी, म्हणजे आजोबांनी, पहिल्या महायुद्धात इराकमधल्या कुतच्या वेढ्यात घोड्याचं मांस खाल्लं की नाही, याबद्दल आमच्या घरात दोन मतं होती. चुलत आजोबा ठामपणे सांगायचे, खाल्लं; सगळ्या पलटणीनं खाल्लं. आत्या तितक्याच ठामपणे म्हणायची, आमच्या आबांनी त्याला हातसुद्धा लावला नाही. खुद्द आबा माझ्या जन्माआधीच गेले, आणि हयातीत त्यांनी हा विषय घरात कुणाला काढू दिला नव्हता. चुलत आजोबांना जे ठाऊक होतं ते रात्री शाळवाच्या राखणीला दोघे भाऊ माळ्यावर जागत बसायचे, तेव्हा ऐकलेलं. घरात गप्प असलेला माणूस तिथं बोलायचा.

आबा 117 नंबरच्या मराठा पलटणीत शिपाई होते. साताऱ्याकडच्या कोरडवाहू गावांतून तेव्हा घरटी एक पोरगा पलटणीत जायचा, तसेच तेही गेले. त्यांची डिव्हिजन सहावी, म्हणजे पूना डिव्हिजन. तिच्या तीन ब्रिगेडींची नावं पुणे, अहमदनगर आणि बेळगाव अशी आपल्याच ठाण्यांवरून पडलेली, आणि तिच्यात 103, 110 आणि 117 या तीन मराठा पलटणी. पुण्याची ब्रिगेड 6 नोव्हेंबर 1914 रोजी इराणच्या आखाताच्या टोकाशी, फावला उतरली आणि महिना संपायच्या आत बसरा हाती आलं. गावातल्या म्हाताऱ्यांच्या बोलण्यात ही सगळी लढाई एका बसऱ्यातच मावायची. कोण कुठे मेला असं विचारलं, तरी उत्तर एकच: बसऱ्याला.

खरी दुर्दशा झाली ती बसऱ्याच्या कितीतरी पुढे. टायग्रिस नदीच्या काठाकाठानं फौज वर सरकत गेली, आणि सोपे विजय मिळत गेले तसा वरच्यांना बगदादचा मोह सुटेना. नदीत पुरेशा बोटी नव्हत्या, डॉक्टर आणि औषधं कमी, मागून कुमक नाही. सेनापती टाउनशेंडला स्वतःलाच ही चाल धोक्याची वाटत होती, तरी हुकूम सुटला. 22 नोव्हेंबर 1915 ला सलमान पाकच्या मैदानात तुर्कांशी गाठ पडली आणि आपली चार हजारांवर माणसं मेली किंवा जखमी झाली. जखमींना बिनस्प्रिंगच्या गाड्यांतून नदीपर्यंत आणलं, तिथून उघड्या तराफ्यांवर कोंबून दिवसेंदिवस खाली बसऱ्याकडे नेलं. या हलगर्जीची पुढे चौकशी झाली, 1917 साली अहवाल निघाला आणि भारतमंत्री ऑस्टिन चेंबरलेन यांनी राजीनामा दिला. त्या गाडीत पडून ज्यांची हाडं खिळखिळी झाली, त्यांना या राजीनाम्याची खबरही लागली नसेल.

उरलेली फौज माघार घेत कुत अल अमाराला आली. नदीच्या वळणात अडकलेलं, तीन बाजूंनी पाण्यानं वेढलेलं, मातीच्या घरांचं गाव. डिसेंबर 1915 च्या सुरुवातीला तुर्कांनी चौथी बाजू बंद केली, आणि 147 दिवस ती उघडली नाही.

टाउनशेंडनं आपल्याजवळचा साठा मोजण्यात मोठी चूक केली. आधी थोड्याच दिवसांचं अन्न आहे असं कळवलं, त्यामुळे बाहेरची सुटकेची फौज घाईघाईत, पुरती जमवाजमव न करता चढाईला धावली. मग जानेवारीत कुतमधल्या घरांची झडती घेतली, तेव्हा लपवलेलं धान्य निघालं. तोवर बाहेर हजारो माणसं कापली गेली होती. या चुकीबद्दल मला आजही राग येतो.

धान्य निघालं, पण दळायचं कसं? विमानातून जात्याचे दगड खाली टाकले गेले. आजीला या कथेतली ही एकच गोष्ट मनापासून आवडायची. एप्रिलमध्ये विमानांनी पीठ आणि साखरही टाकली, पण ती कितीशी पुरणार? वेढ्यात अडकलेल्या फौजेला विमानातून अन्न पुरवायचा युद्धाच्या इतिहासातला तो पहिला मोठा प्रयत्न. त्यातली काही पोती नदीत पडली, काही तुर्कांच्या खंदकांत.

आणि घोडे. तोफा ओढणारे, स्वारांचे, ओझ्याची खेचरं, एकेक करून कापली जाऊ लागली. गोरे शिपाई खाऊ लागले. हिंदी शिपायांनी ताट लोटलं. भाजी नव्हतीच, त्यामुळे हिरड्यांतून रक्त येऊ लागलं, जुन्या जखमा पुन्हा उघडू लागल्या. हिंदुस्थानातल्या धर्मगुरूंकडून परवानगीचे निरोप बिनतारी यंत्रावरून मागवले गेले, तरी माणसं तयार होईनात. धर्म हे एक कारण होतं, पण अडसर निराळाच होता. गावाकडं कळलं तर पंगतीला कोण बसवेल, घरात पोरगी कोण देईल? उपाशी माणूस मैलोन्‌मैल दूर असलेल्या भावकीला भीत होता. शेवटी एप्रिलमध्ये टाउनशेंडनं बजावलं की जे हुद्देदार खाणार नाहीत त्यांच्या जागी खाणारे नेमले जातील, तेव्हा हजारो जणांनी खायला सुरुवात केली. तोवर शरीरं पार खंगली होती.

एकदा धीर करून मी आजीलाच विचारलं. ती शेंगा फोडत होती. हात न थांबवता म्हणाली, "ह्यांनी खाल्लं असंल तर बरंच केलं. न खाता मेलं असतं म्हंजी गावानं वा वा केलं असतं, आन् मी जन्मभर पांढऱ्या कपाळानं बसले असते." आत्या तिथंच होती. ती उठून आत गेली.

24 एप्रिलच्या रात्री जुलनार नावाची बोट 270 टन अन्न घेऊन कुतकडे निघाली आणि वाटेतच तुर्कांनी ती धरली. तुर्की सेनापती खलील पाशाला वेढ्यातली फौज सोडण्यासाठी वीस लाख पौंड द्यायची तयारीही दाखवून झाली. त्यानं ती धुडकावली. 29 एप्रिल 1916 ला कुत पडलं. हिंदी, गोरे, बिगारी, भिस्ती, स्वयंपाकी धरून तेरा हजारांच्या आसपास माणसं कैद झाली. टाउनशेंडला इस्तंबूलजवळच्या एका बेटावर बंगला मिळाला आणि विलायती सरकारनं कैदेतच त्याला 'सर' केलं.

शिपायांना पहिल्याच मुक्कामी तुर्कांनी बिस्किटं दिली, दगडासारखी, मातीनं आणि भुशानं भरलेली. महिनोन्‌महिने रिकामी असलेली पोटं त्यावर तुटून पडली आणि त्या रात्रीपासून माणसं ओकत, जुलाबानं मरू लागली. पुढची वाट बगदाद, समारा, मोसूल अशी. थोडी रेल्वेनं आणि मग शेकडो मैल पायी, मे-जूनच्या उन्हात. भाकरीच्या तुकड्यासाठी बूट विकले, मग कोट. मागे पडला तो मागेच राहिला.

या वाटेवरची एक गोष्ट आबांनी माळ्यावर एकदाच सांगितली. ओळीनं गावं लागली. घरं धड, चुली जागच्या जागी, पण माणूस एकही नाही. तहानेनं जीव जात होता म्हणून विहिरीवर वाकले, आणि आत माणसं होती. ही आर्मेनियन लोकांची गावं. तुर्की सरकारनं 1915 पासून त्यांना घरांतून उठवून वाळवंटाकडे हाकललं आणि लाखोंनी मारलं. आबांना 'आर्मेनियन' हे नावही ठाऊक नव्हतं. ते एवढंच म्हणायचे, आपल्यासारखीच कुळवाडी माणसं होती. पुढे आयुष्यभर परगावच्या विहिरीत डोकावून पाहिल्याशिवाय त्यांनी पाणी शेंदलं नाही. लोकांना वाटायचं, बसऱ्याच्या उन्हानं डोकं फिरलंय.

बहुतेक हिंदी कैद्यांना रास अल ऐनला बगदाद रेल्वेच्या कामावर जुंपलं. भराव टाकायचा, रूळ वाहायचे. हिवाळ्यात बर्फाचा वारा, अंगावर चिंध्या, आणि उवांमधून येणारा टायफस. कुतच्या गोऱ्या शिपायांतले सत्तर टक्क्यांच्या आसपास कैदेत मेले. हिंदी माणसंही हजारोंनी गेली. त्यांचा हिशेबही कुणी धड ठेवला नाही.

आणि गावाकडं आजी. तिचं वय पंधरा. बराच काळ काहीच कळेना. मग कैदेत आहे असं कुणीतरी वाचून दाखवलं. भावकीतल्या बायका कुंकवाकडे बघून कुजबुजायच्या. सासूनं मात्र एकीलाही तोंड वर करू दिलं नाही. ही सासू, आबांची आई, 1918 च्या शरद ऋतूत मानमोडीच्या, म्हणजे इन्फ्लुएंझाच्या, साथीत तीन दिवसांत गेली. एकट्या मुंबई इलाख्यात त्या साथीनं दहा लाखांवर माणसं नेली. 30 ऑक्टोबरला तुर्कांनी शस्त्रं ठेवली आणि पुढच्या वर्षी आबा परतले, तेव्हा त्यांची वाट बघून थकलेली आई उरली नव्हती. दोन वर्षांनी पलटणीला 'रॉयल' हा किताब मिळाला.

याच रास अल ऐनला कल्याणकुमार मुखर्जी नावाचे बंगाली डॉक्टर 1917 मध्ये वारले. त्यांच्या आजीनं, मोक्षदादेवींनी, उतारवयात नातवाची पत्रं आणि हकिगत जुळवून 'कल्याण-प्रदीप' हे पुस्तक लिहिलं; ते 1928 साली निघालं. शिशिर सर्वाधिकारी या दुसऱ्या बंगाली कैद्यानंही पुढे आठवणी छापल्या. मराठी शिपायाच्या घरात तेव्हा लिहिणारं कुणी नव्हतं. आमच्या आजीला सहीसुद्धा येत नव्हती. तीन मराठा पलटणी त्या वेढ्यात होत्या; त्यांच्याकडची बाजू शाळवाच्या माळ्यांवर आणि चुलीपुढं बोलली गेली आणि बरीचशी तिथंच विरली.

बसऱ्याला मोठं स्मारक आहे, चाळीस हजारांवर मृतांचं. त्यावर गोऱ्यांची नावं कोरली. हिंदी शिपायांचे मात्र पलटणीगणिक आकडे लिहिले. कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशननं या भेदभावाबद्दल 2021 साली जाहीर माफी मागितली. आपल्या खेड्यांतल्या चावड्यांवर ब्रिटिशांनी लावलेल्या संगमरवरी पाट्याही आकड्यांतच बोलतात: या गावातून इतके गेले, इतके कामी आले.

चुलत आजोबांना आमच्या भागातल्या न परतलेल्यांची नावं वाड्या-वस्त्यांसकट पाठ होती. शाळेत असताना मी ती वहीत उतरवून घेतली. आता कमिशनची नोंदवही इंटरनेटवर बघता येते, तेव्हा रोज रात्री जेवणं झाली की मी वही उघडून बसतो. इंग्रज कारकुनांनी कानाला येईल तसं लिहिलेलं. बापाच्या नावाचं आडनाव झालेलं, वाडीचं नाव ओळखू न येणारं. एकेक नाव चार-चार तऱ्हांनी टाकून बघावं लागतं. निम्मी सापडली आहेत. उरलेल्यांत आबांच्या शेजारच्या घरातला एक आहे. तो कुतमध्ये गेला की वाटेत, याबद्दल चुलत आजोबांचीही खात्री नव्हती, म्हणून मी दोन्हीकडच्या याद्या चाळतो आहे.